बुधवारची जागा

भाव-पाटी नावाचा एक घटक लिहीत होतो आम्ही
बाजार समितीच्या कामासाठी.
नावाचं पहिलं अक्षर रोमनच लागतं, असो.
आत तीन खाचा: एक नावाची, एक भावाची,
तिसरी बिननावाची, शेऱ्यासाठी.
ज्याचा माल त्यानं आणून ठेवावा,
चौकट आमची.

आधी पाटीला सावली होती. म्हणजे आतलं झाड झाकलेलं,
बाहेरचं ऊन आत नाही, आतला रंग बाहेर नाही.
समितीचे लोखंडे म्हणाले, सगळीकडे आमचा हिरवा,
तुमच्या पाटीतच काळा कसा?
सावली काढली.

सावली काढली की खाच खाच राहत नाही.
दारावरचं नाव राहतं, मागे घर नाही.
ब्राउझर हात वर करतो:
भरणं सावलीचं काम होतं, माझं नाही.
मग मीच भरायला घेतलं.
पहिल्याच फटक्यात साचा ओतला,
चौकट आली ठसठशीत, चारी कोपरे काटकोनात
आणि कांदा गेला. भावासकट.
कलीम मागून म्हणाला,
"घर धुतलंस गं, पण माणसं आत होती."

बुधवारी गंगेवर गेले. काही शोधायला नाही,
मेथी आणायला.
धरणातून पाणी सोडलं होतं, भोंगा वाजून गेलेला,
कुणी ओरडलं, मारुतीच्या गुडघ्याला लागलं!
मथाबाई निकुळे काही धावल्या नाहीत.
आधी वांगी, मग तागडी,
मग गोणपाट झटकून घडी घातलं,
मग स्वतः.
पायऱ्या चढून देवळाच्या ओट्यावर.
खाली पाणी आलं आणि फरशी पुसून गेलं.

पुढच्या बुधवारी घाट कोरा.
रेघ नाही, आकडा नाही, खडूची खूण नाही.
मथाबाई तिथंच, बोटभरही इकडेतिकडे नाही.
जागा कळते कशी हो?
"कळायचं काय त्यात? इकडं लसूणवाली,
तिकडं धारवाला. मधी मी."

त्या रात्री आधी उचललं.
मुलं (आमच्यात त्यांना मुलंच म्हणतात)
एकेक करून ओट्यावर नेली,
मग धुतलं, मग साचा ओतला,
मग ज्याच्या कपाळी जे नाव
त्या खाचेत त्याला बसवलं.
बिननावाची उरली ती मधल्या पटांगणात.

प्रत नाही केली. करून पाहिली होती एकदा.
हुबेहूब तोच कांदा, तेच बटण,
पण हाक मारली तर वळेना.
कान मूळ देहालाच राहून गेलेले.
तेव्हा तीच न्यायची, तीच आणायची.

उघड्यावर बसलं की शेजारच्या छत्रीचा निळा
आपल्या टोमॅटोवर पडतोच.
लोखंड्यांचा हिरवा आमच्या चौकटीवरही चढला.
चढू दे म्हटलं.

लसूणवाली मात्र त्या बुधवारी आलीच नव्हती.
तिच्या जागी कुणीतरी एक वीट ठेवलेली,
आणि गर्दी त्या विटेला वळसा घालून चाललेली.
"येईल ना," मथाबाई म्हणाल्या,
माझ्याकडे न बघता, सुटे मोजत.

रिकाम्या खाचेतही काहीतरी लिहून ठेवावं लागतं.
समितीनं कळवलं होतं: माहिती उपलब्ध नाही.
मी लसणाच्या पाटीत लिहिलं: येईल.

ते दिसेचना.
रात्री दीडपर्यंत दोघं डोळे फोडत बसलो.
पाटीत कुणीच नव्हतं,
उघडत्या आणि मिटत्या खुणेमध्ये
नुसती एक मोकळी ओळ,
आणि यंत्र तिलाच हजर धरून बसलेलं.

कलीमनं दोन्ही बाजूंची हवा छाटली.
मग दिसलं.